उजवा रकाना पडद्याबाहेर

गाव नमुना सातच्या कागदावर डावीकडे क्षेत्र आणि आकारणी असते, मध्ये खाते क्रमांक आणि भोगवटादारांची नावं, आणि पार उजव्या टोकाला 'कुळ, खंड व इतर अधिकार' हा रकाना. बँकेचा बोजा तिथेच चढतो. विहिरीतला हिस्सा आणि इतर हक्कही तिथेच सापडतात. जमीन घ्यायला निघालेला जाणता माणूस सातबारा हातात आला की आधी उजवीकडे बघतो. फोनवर पान मात्र डावीकडून उघडतं. तक्ता आहे त्याच रुंदीत आला, की उजवा रकाना पडद्याच्या बाहेर राहतो. बोटाने सरकवत तिथवर पोहोचावं तर डावीकडची नावं निघून जातात, आणि कुठली नोंद कुणाच्या नावापुढची हे पुन्हा मागे जाऊन बघावं लागतं.

परभणी जिल्ह्यात हा खेळ रोजचा आहे. जिंतूरपासून पालमपर्यंत नऊ तालुके, खरिपात सोयाबीन, कापूस, तूर. शेतकरी वर्षाकाठी किती वेळा सरकारी पानं उघडतो याची यादी केली तर कुणीही चकित होईल. सातबारा आणि आठ-अ, पीक कर्जाची कागदपत्रं, पीक विमा, महाडीबीटीवर ठिबकचा किंवा अवजारांचा अर्ज, पीएम-किसानची ई-केवायसी, आता शेतकरी ओळख क्रमांक. घरातल्या मुलीची शिष्यवृत्ती आणि सीईटीचा अर्ज वेगळाच. ही सगळी कामं ज्या यंत्रावर होतात ते यंत्र म्हणजे खिशातला फोन. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१७-१८च्या ७५व्या फेरीत देशाच्या ग्रामीण भागातली फक्त ४.४ टक्के घरं संगणक बाळगून होती. त्याआधी वर्षभर, सप्टेंबर २०१६मध्ये, जिओ सुरू झालं होतं आणि डेटा स्वस्त झाला होता. म्हणजे गावात इंटरनेट आलं ते संगणकाच्या पाठीमागून आलं नाही. संगणकाला वगळून थेट फोनवर आलं. पानं तयार करणाऱ्यांच्या टेबलावर मात्र अजून रुंद पडदाच आहे.

पान अडलं की गावात एकच वाक्य ऐकू येतं: साइट चालंना. या दोन शब्दांत दोन वेगवेगळे आजार एकत्र होतात. सर्व्हरवर ताण आला, ओटीपी आला नाही, पान उघडलंच नाही, हा एक आजार. तो सगळ्यांना होतो. मोठ्या पडद्यासमोर बसलेल्या केंद्रचालकालाही. दुसरा आजार असा की पान उघडलेलं आहे, सर्व्हर जागा आहे, पण 'पुढे जा'चं बटण पडद्याच्या कडेबाहेर गेलं आहे. मोठी सूचना मधोमध उभी राहिली आहे आणि ती बंद करायची फुली वर कुठे तरी अर्धी कापली गेली आहे. हा आजार फक्त अरुंद पडद्याला होतो. तक्रार करताना सगळे पहिल्याचंच नाव घेतात, म्हणून दुसऱ्यावर औषध होत नाही.

या दुसऱ्या आजाराचं मूळ साध्या हिशेबात आहे. साध्या अँड्रॉइड फोनचा पडदा वेबच्या मापात साधारण ३६० एकक रुंद असतो. ही एककं म्हणजे जाहिरातीत सांगतात ते पिक्सेल नव्हेत. पानाची मांडणी करताना ब्राउझर धरतो ते माप. पान बनवणाऱ्याने 'फोनची रुंदी तीच पानाची रुंदी समज' अशी एका ओळीची सूचना पानाच्या माथ्यावर लिहिलेली नसेल, तर ब्राउझर गृहीत धरतो की हे पान संगणकासाठी आहे. मग तो ९८० एककं रुंदीचा कागद मनात धरून त्यावर सगळं मांडतो आणि तो कागद ३६०मध्ये बसवण्यासाठी आक्रसून टाकतो. १६ मापाचं अक्षर पडद्यावर ६च्या आत येतं. तांदळाच्या दाण्यावर कोरलेलं नाव वाचावं तसं मग ते पान वाचायचं.

९८०चा हा आकडा आला कुठून, याची गोष्ट गमतीची आहे. ९ जानेवारी २००७ रोजी स्टीव्ह जॉब्झने पहिला आयफोन दाखवला तेव्हा व्यासपीठावर न्यूयॉर्क टाइम्सचं संपूर्ण पान फोनवर उघडलं, दोनदा टिचकी मारून मजकूर मोठा केला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तोवर फोनवर वेबची कापलेली, बारकी आवृत्ती मिळायची. इथे 'खरं' पान दिसत होतं. जगातली बहुतेक पानं तेव्हा संगणकाच्या रुंदीची होती, म्हणून फोनने आपण संगणक असल्याची बतावणी करावी, अशी ती तडजोड होती. चिमटीने मोठं करणं हा तात्पुरता उपाय होता. परभणीच्या बसस्थानकावर उभा असलेला माणूस आजही तोच करताना दिसतो.

कायमचा उपाय फार उशिरा आला असंही नाही. २५ मे २०१० रोजी ईथन मार्कोट या अमेरिकी डिझायनरने एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं: संगणकासाठी एक आणि फोनसाठी दुसरं अशी दोन पानं करू नका, एकच पान करा, त्याचे रकाने टक्केवारीत मोजा, चित्रांना आक्रसू द्या, आणि पडदा अमुक रुंदीपेक्षा लहान झाला की मांडणी बदलायला सांगा. तीन रकाने शेजारी मावत नसतील तर एकाखाली एक येतील. पुढच्याच वर्षी बॉस्टन ग्लोब या मोठ्या वृत्तपत्राने आपलं संकेतस्थळ या पद्धतीने बांधलं. २१ एप्रिल २०१५पासून गुगलने फोनवरच्या शोधात फोनला सोयीच्या पानांना वरचा क्रमांक द्यायला सुरुवात केली आणि दुकानदार मंडळींची धावपळ उडाली. ऑक्टोबर २०१६मध्ये स्टॅटकाउंटरच्या मोजणीत जगभर फोन आणि टॅब्लेटवरून होणारा वेबचा वापर संगणकाच्या पुढे गेला. बाजाराला गिऱ्हाईक गमवायची भीती असते. त्यामुळे खरेदीच्या आणि बँकांच्या पानांनी स्वतःला फोनच्या मापात बसवून घेतलं. सरकारी पानाचं गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार कुठे? सातबारा देणारं दुसरं दुकान नाही.

तक्त्यांचं दुखणं मात्र सगळ्यात जुनं आहे, आणि ते तंत्रज्ञांपेक्षा कारकुनी शिस्तीतून आलेलं आहे. गाव नमुने महसूल खात्याने कागदासाठी आखले. आडव्या रेघांत एकेक नोंद, उभ्या रेघांत तिचा तपशील. नमुना बाराचं पान त्याहून रुंद: वर्ष, हंगाम, खाते क्रमांक, पिकाचं नाव, जलसिंचित क्षेत्र, अजलसिंचित क्षेत्र, लागवडीला उपलब्ध नसलेली जमीन, जलसिंचनाचं साधन, शेरा. दप्तराच्या रजिस्टरमध्ये हे उत्तमच होतं, कारण रजिस्टर टेबलावर पसरता येतं. संगणकीकरण करताना तोच तक्ता जसाच्या तसा पडद्यावर उमटवायची सवय लागली. कोर्टात, बँकेत, दुय्यम निबंधकाकडे दाखल करायची प्रत विहित नमुन्यातच हवी, हे मान्य. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपये भरून घेतला तर तो कागदाच्याच घडणीचा असायला हवा. पण शेताच्या बांधावर उभं राहून 'आपल्या नावावर किती क्षेत्र आहे आणि बोजा उतरला का' एवढंच बघणाऱ्याला विहित नमुना कशाला हवा? त्याला उभी यादी पुरते: नाव, त्याखाली क्षेत्र, त्याखाली फेरफार क्रमांक, त्याखाली इतर अधिकार. दुसरा खातेदार असेल तर त्याचीही तशीच चौकट पुढे. वाचायचं रूप आणि दाखल करायचं रूप वेगळं ठेवता येतं, आणि माहिती दोन्हींत तीच राहते.

पीडीएफचं दुखणं याच घराण्यातलं. परभणीतल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना १९७२ची. ग्रामीण कृषी मौसम सेवेतून तिथले हवामान आणि कृषी शास्त्रज्ञ दर मंगळवारी आणि शुक्रवारी सल्ला काढतात: येत्या दिवसांत पाऊस किती, सोयाबीनवर फवारणी करावी की थांबावं, कापसात पाणी साचलं तर काय. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने याहून कामाचा सरकारी मजकूर विरळा. असली पत्रकं सगळीकडे ए-फोर कागदाच्या पीडीएफमध्ये निघतात. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद. साडेसहा इंची फोनचा पडदा उभा धरला तर जेमतेम ६८ मिलिमीटर. म्हणजे कागद एक तृतीयांशाच्याही आत आक्रसतो आणि १२ पॉइंटचं अक्षर ४ पॉइंटच्या खाली जातं. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीही त्याहून मोठ्या टाइपात असतात. औषधाचं प्रमाण '१० लिटर पाण्यात १० मिलि' आहे की '१०० मिलि', हे अशा अक्षरात वाचणं धोक्याचं. हाच सल्ला कुणी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर साधा मजकूर म्हणून टाकतो तेव्हा तो कुठल्याही फोनवर नीट बसतो, कारण मजकुराला ठरलेली रुंदी नसते. जे काम गटातला एखादा हौशी सदस्य करतो, ते पत्रक काढतानाच का होऊ नये?

देवनागरीची अडचण तर आणखी वेगळी, आणि तिच्याबद्दल बोलतं कोण! वेबपानांचे बहुतेक तयार सांगाडे इंग्रजी गृहीत धरून केलेले असतात. इंग्रजी बटणाची उंची ठरते ती रोमन अक्षरांच्या उंचीवर. मराठीत शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. उंची घट्ट बांधलेल्या बटणात 'र्की' किंवा 'द्धू' यांची वरची किंवा खालची टोकं कापली जातात. वर शब्दही लांब: 'उत्पन्नप्रमाणपत्र', 'जिल्हाधिकारीकार्यालय' अशी सामासिक लांबण एका दमात लिहायची सरकारी हौस. इंग्रजी शब्द ओळीच्या शेवटी कुठे तोडायचा याचे नियम ब्राउझरला ठाऊक असतात. मराठी शब्द मात्र पुष्कळदा अखंडच राहतो, चौकटीत मावला नाही तर बाहेर वाहतो आणि सगळं पान आडवं सरकायला लागतं. पान मराठीत तपासलं असतं तर हे पहिल्या पाच मिनिटांत दिसलं असतं. तपासणी इंग्रजी आवृत्तीवर होते आणि मराठी नंतर ओतली जाते.

अर्ज भरताना याचा खरा मार बसतो. नुसतं वाचायचं असेल तर माणूस चिमटीने कसंबसं निभावतो. चौकटीत बोट टेकवलं की खालून कीबोर्ड वर येतो आणि पडद्याचा जवळपास अर्धा भाग व्यापतो. ओटीपीची चौकट त्याखाली झाकली जाते. ओटीपी बघायला संदेशांत जावं, तर परत येईपर्यंत पान ताजं होऊन सगळं कोरं. चूक झाल्याची सूचना पानाच्या वरच्या टोकाला लाल अक्षरात येते, आणि बटण दाबणारा खालच्या टोकाला असतो. त्याच्या दृष्टीने बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. तो पुन्हा दाबतो. गावांची यादी उघडली की दोनशे नावांतून आपलं गाव शोधताना बोट शेजारच्या गावावर पडतं, कारण ओळी बोटापेक्षा अरुंद. अ‍ॅपलने बोटाच्या जागेसाठी किमान ४४ पॉइंट आणि गुगलने ४८ एककं, म्हणजे सुमारे ९ मिलिमीटर, असं माप सांगून ठेवलं आहे. ते काही चैनीचं नाही; दिवसभर खुरपं धरणाऱ्या अंगठ्याला तर ते कमीच पडेल. त्यात चाळिशी ओलांडलेल्यांनी फोनची अक्षरं मोठी करून ठेवलेली असतात. तसं केलं की कमकुवत मांडणी हमखास कोसळते.

मुदतीच्या दिवसांत ही किरकोळ वाटणारी गैरसोय पैशात मोजावी लागते. २०२३ आणि २०२४च्या खरिपात राज्यात एक रुपयात पीक विमा होता, आणि स्थानिक आपत्तीत पिकाचं नुकसान झालं तर त्याची सूचना ७२ तासांत द्यावी लागे. २०२४च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत परभणी, हिंगोली, नांदेड या पट्ट्यात अतिवृष्टी झाली. शेतं पाण्याखाली, वीज गेलेली, आणि घड्याळ चालू. अशा वेळी चौकट दिसते की नाही यावर दावा अवलंबून असतो. एरवीही फोनवर जमलं नाही की माणूस तालुक्याच्या सेवा केंद्राची वाट धरतो. जाण्या-येण्याचं भाडं, बुडालेली मजुरी, रांग. विम्याच्या अर्जामागे केंद्रचालकाला कंपनीकडून ४० रुपये मिळायचे, शेतकऱ्याकडून फक्त एक रुपया घ्यायचा होता. तरी तिथवर पोहोचण्याचा खर्च कुठल्याच योजनेत धरलेला नव्हता. केंद्रचालकाला यात खलनायक करायचं कारण नाही. तो जे विकतो त्याचा एक भाग म्हणजे त्याच्या टेबलावरचा रुंद पडदा.

फोनसाठीच बांधलं तर काय होतं, याचं उदाहरण महसूल खात्याकडेच आहे. टाटा ट्रस्टच्या मदतीने उभी राहिलेली ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर सुरू झाली. नमुना बारामध्ये तलाठ्याने भरायची पिकाची नोंद शेतकऱ्याने शेतात उभं राहून स्वतः करायची, पिकाचा फोटो काढून. त्या अ‍ॅपमध्ये नऊ रकान्यांचा तक्ता नाही. खातेदार निवडा, गट निवडा, हंगाम निवडा, पीक निवडा, फोटो काढा: एका वेळी थोडेच प्रश्न, एकाखाली एक. अ‍ॅपच्याही तक्रारी आहेत, विशेषतः नेटवर्क नसलेल्या शिवारात आणि मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात. पण त्या पहिल्या आजाराच्या आहेत. ज्या नोंदीसाठी शतकभर रुंद रजिस्टर लागलं, ती तळहाताएवढ्या पडद्यावर घेता येते हे त्याने दाखवून दिलं. आणि ती नोंद शेवटी त्याच नमुना बारामध्ये जाऊन बसते!

नियमांचीही वाण नाही. वेबच्या सुलभतेचे जागतिक निकष जून २०१८मध्ये सुधारले गेले तेव्हा त्यांत एक कलम आलं: पान ३२० एककं रुंदीत दोन्ही दिशांना न सरकवता वाचता आलं पाहिजे. तक्त्यांना त्यातून सूट आहे, ती मात्र तक्त्यापुरतीच. तक्ता सरकला तरी त्याच्याबरोबर सगळं पान सरकता कामा नये. भारत सरकारची संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९मध्ये पहिल्यांदा आली आणि २०२३मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती निघाली. ती मोबाइल अ‍ॅपलाही लागू आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने जिल्ह्यांसाठी तयार सांगाडाही करून ठेवला आहे, त्यावर उभी असलेली जिल्ह्यांची संकेतस्थळं फोनवर व्यवस्थित बसतात. गाडं अडतं ते तिथल्या दुव्यावर बोट ठेवून एखाद्या खात्याच्या वेगळ्या पोर्टलवर किंवा स्कॅन केलेल्या पत्रकावर गेलं की. मुखपृष्ठ फोनचं आणि आतली पानं कचेरीची, असा हा प्रकार. काम स्वीकारताना अधिकाऱ्याने ते आपल्या टेबलावरच्या संगणकावर पाहून सही केली की कंत्राटदार मोकळा. स्वीकृतीच्या अटींत 'साध्या अँड्रॉइड फोनवर, मराठीत, मोठ्या अक्षरांत संपूर्ण अर्ज भरून दाखवावा' एवढी एक अट घातली तर निम्मी दुखणी जन्माआधीच संपतील.

तोवर वाचकांनी काही गोष्टी करून पाहाव्यात. पीडीएफ किंवा तक्ता वाचताना फोन आडवा धरावा. साडेसहा इंची पडदा आडवा झाला की १५० मिलिमीटर रुंद होतो आणि मघाचं ४ पॉइंटचं अक्षर साडेआठच्या आसपास येतं. पडदा फिरत नसेल तर वरून खाली ओढल्यावर दिसणारं ऑटो-रोटेट चालू करावं. बटण सापडत नसेल तर क्रोममध्ये उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबून 'डेस्कटॉप साइट' निवडावं. पान बारीक होईल, पण लपलेलं बटण पुष्कळदा सापडतं. अक्षरं मोठी केलेली असतील तर अर्जापुरती लहान करून पाहावीत. आणि तक्रार करावी, पण 'साइट चालत नाही' एवढीच नको. कुठलं पान, कुठला फोन, कुठली चौकट कापली गेली, हे लिहून सोबत स्क्रीनशॉट जोडावा. सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रत्येक संकेतस्थळावर वेब माहिती व्यवस्थापकाचं नाव आणि संपर्क द्यावा लागतो. पानाच्या अगदी तळाशी, 'संपर्क' किंवा 'अभिप्राय' या दुव्यात तो शोधावा. पत्र त्याच्या नावाने पाठवावं, आणि संपर्क दिलेलाच नसेल तर तीही तक्रार त्यातच लिहावी.